बटणाएवढ्या फुग्यातला दादा

अक्षरबाईंना माणसं शब्दांवरून मोजायची सवय होती. त्यांचं कामच तसं होतं. चित्रकथेत पात्रांच्या तोंडाजवळ जे पांढरे फुगे तरंगतात, त्यांत टाकानं, हातानं, एकेक अक्षर बसवायचं, हे त्या बावीस वर्षं करत होत्या. कुठल्या फुग्यात किती अक्षरं मावतील हे त्यांना नुसत्या नजरेनं कळे, आणि कुठल्या माणसाच्या पोटात किती मावतात, हेही.

मासिकाचा संपादक दिवसाला चारेक हजार शब्द बोले, त्यातले अडीचशे कामाचे असत. चित्रकार दिवसाला अकरा शब्द बोले. लेखकाचं साधं वाक्य वीस-बावीस शब्दांचं असे, आणि आता ते संपणार असं वाटेपर्यंत त्याला 'शिवाय' फुटे. चित्रकार आणि लेखक सख्खे भाऊ होते. कचेरीत त्यांना मोठे आणि धाकटे म्हणत. नऊ वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते, आणि नऊ वर्षं दर महिन्याला दोघं मिळून चोवीस पानांची चित्रकथा काढत होते.

भांडणाचं मूळ एका हनुवटीत होतं. मोठ्यांनी भावजयीचं चित्र काढलं आणि त्यात दोन हनुवट्या काढल्या. धाकटे म्हणाले, एक पूस. मोठे म्हणाले, कुठली? पुढच्याच अंकात धाकट्यांनी वाचकांशी हितगुज करताना लिहिलं की, चित्रं म्हणजे शब्द दमले की त्यांना टेकायला दिलेली जागा. त्या महिन्यापासून फुगे आकसू लागले. जिची हनुवटी होती ती मात्र आपल्या जावेशी रोज जिन्यात तासभर बोलत उभी असे. एक खालच्या मजल्यावर राहायची, दुसरी वरच्या. दोघींचे नवरे हे आपल्याला ऐकूच येत नाही असं दाखवत.

चित्रकथेचा नायक उल्कावीर. तो आकाशातून येई आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी छपरावर पडे. धाकट्यांचा तो लाडका, कारण तो पडता पडता भाषण करी. खलनायक काजळ्या. त्याच्या लांब कोटातून काजळी निघे आणि शहरातले दिवे काळे होत. मोठ्यांचा तो लाडका, कारण काजळ्या आला की अर्धं पान शाईनं भरून टाकता येई आणि शब्दांना उभं राहायलाही जागा उरत नसे.

या दोघांच्या मध्ये बाई बसत. चष्म्यांच्या दुकानावरच्या त्या लांबोळक्या खोलीत खिडकीलगत त्यांचं उतरतं टेबल होतं. डावीकडे धाकट्यांची संहिता येऊन पडे, उजवीकडे मोठ्यांची पानं, रिकाम्या फुग्यांची. मजकूर मावला नाही तर तो कापून आणायला धाकट्यांकडे पाठवायचा, असा नियम होता. पण धाकट्यांकडे गेलेलं वाक्य कमी होऊन येत नसे, बाळंत होऊन येई. तेव्हा बाईंनी तीन-चार वर्षांपूर्वीच तो नियम मनातल्या मनात गुंडाळून ठेवला होता. एखादा शब्द त्या आपणच उतरवून घेत. संपादक फक्त मुखपृष्ठ तपासत. धाकटे छापलेला अंक उघडत ते फक्त आपलं नाव बघायला.

एकशे बाराव्या अंकाच्या तेविसाव्या पानावर उल्कावीरानं काजळ्याला पाण्याच्या टाकीवर गाठून गळपट्टीला धरलं. संहितेत तो म्हणत होता, "थांब! या शहरात इतकी वर्षं चालवलेली तुझी दादागिरी, तुझी अरेरावी आणि तुझी काजळी हा उल्कावीर यापुढे खपवून घेणार नाही, शिवाय एक पक्कं ध्यानात ठेव, नराधमा..." आणि मोठ्यांनी दिलेला फुगा होता सदऱ्याच्या बटणाएवढा.

बाईंनी वाक्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, आणि लिहिलं, "थांब, दादा! पुरे!"

त्यांच्या मनात दादा म्हणजे गल्लीतला दादा, हप्ते गोळा करणारा. दादागिरीतला दादा मावला, गिरी राहिली, एवढंच. पण मोठ्यांनी त्याच चौकटीत उल्कावीराच्या डोळ्याखाली दोन थेंब काढले होते. माणूस शिडीवरून टाकीवर चढून आलाय, घाम येणारच, असा त्यांचा साधा हिशेब. आता डोळ्याखाली दोन थेंब आणि तोंडात 'दादा' म्हटल्यावर वाचक काय समजणार?

आठवड्याभरात पत्रांच्या तीन थैल्या आल्या. काजळ्या उल्कावीराचा थोरला भाऊ! एवढे दिवस लपवलंत! एकानं लिहिलं, मला पहिल्यापासून संशय होता, दोघांची नाकं सारखी आहेत. खरं म्हणजे मोठ्यांना नाक एकच येत होतं. ते सगळ्यांना तेच काढत, गेल्या वर्षीच्या घोड्यालासुद्धा. दुसऱ्या एका पत्रात फक्त एवढंच होतं: 'माझा दादाही बोलत नाही. पुढे काय होतं ते लवकर छापा.'

अंक दुसऱ्यांदा छापावा लागला. संपादक नाचायचे बाकी राहिले.

"बाई, ही कोणाची कल्पना? धाकट्यांची? की मोठ्यांची? की दोघांनी मिळून... म्हणजे बोलायला लागले की काय? जाऊ दे, पुढचा अंक खास! 'दोन भाऊ समोरासमोर'! मी मागचं पान छापायलाही पाठवलं. बाई, तुम्ही काही बोलत का नाही?"

"टाक भरलेला आहे," बाई म्हणाल्या.

संपादकांच्या डोक्यामागे भिंतीवर एक पाटी होती, बाईंच्याच हातची. 'लेखकाच्या मजकुराला न विचारता लावलेला हात दुसऱ्या दिवशी इथे दिसणार नाही.' मुद्रितं तपासणाऱ्यानं एकदा 'चपराक' खोडून 'थप्पड' केली होती, त्याला घरी बसवलं तेव्हाची ती पाटी. बाईंनी तिच्यातला 'हात' फार वळणदार काढला होता.

बाकी सगळ्या मासिकांत आता अक्षरं यंत्रावर होत होती. हातानं काढून घेणारं हे एकच उरलं होतं. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं, यायला हवं असंही वाटत नव्हतं. त्यांनी तोंड मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मोठे आले. टेबलाशी उभे राहिले.

"काजळ्या थोरला भाऊ?"

"लोक म्हणतायत तसं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी." ते म्हणाले, "मला गुंड केलं. मी सोडतो."

बाईंनी मोजले. दहा शब्द झाले होते, म्हणजे माणूस खराच तापला होता. हे गेले की मासिक बंद. दुसऱ्या कोणाचा काजळ्या वाचक बघणार नाहीत. आणि मासिक बंद म्हणजे हे टेबल बंद. घाईत माणूस जे करतो ते बाईंनी केलं.

"अहो, काहीतरीच काय! धाकट्यांनी प्रेमानं लिहिलंय ते. नीट बघा ना. नराधमा लिहिलंय का? नीच लिहिलंय का? दादा लिहिलंय."

"दादा?"

"दादा."

"मला?"

त्यांचे कान लाल झाले. बाईंना वाटलं रागानं. मग ते निघाले, अर्धा जिना उतरले आणि परत आले.

"दाखवा पुन्हा."

बाईंनी अंक पुढे केला. मोठ्यांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं, बराच वेळ धरलं.

"अक्षर छान आलंय," ते म्हणाले आणि गेले.

बावीस वर्षांत त्यांनी बाईंच्या अक्षराबद्दल काढलेले हे पहिले शब्द. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी अंक मिटून संहितेखाली सरकवला.

धाकटे दुपारी आले, आणि दारापासूनच बोलत आले.

"बाई, हे काय आहे, माझ्या संहितेत स्पष्ट दादागिरी होती, त्यातली गिरी कुठे गेली आणि हा नुसता दादा कुठून उपटला, सांगा ना, हे त्याचंच काम, फुगा मुद्दाम एवढासा काढायचा आणि माझ्या नायकाला त्याच्यापुढे दादा-दादा करत उभं करायचं, शिवाय डोळ्यांत पाणी, म्हणजे मी रडत रडत मान तुकवली असं जगाला सांगायचं! मी राजीनामा देतोय. लिहायला घेतलाय. चौथं पान चालू आहे."

"अहो, बसा तरी."

"बसणार नाही! बसून लिहितोच आहे सकाळपासून."

"असं बघा," बाई म्हणाल्या. सकाळची थाप पचली की दुपारची सोपी जाते. "मोठ्यांनी नऊ वर्षांत कोणाच्या डोळ्यांत पाणी काढलं होतं?"

धाकटे थबकले. "पाणी? तो घाम नसेल?"

"टाकीवर कसला घाम? वर गार वारा असतो."

"म्हणजे... त्यालाच वाईट वाटतंय?"

"त्याशिवाय का 'दादा' लिहायला सांगितलं? नातं कबूल केलंय त्यांनी. तोंडानं बोलणारे आहेत का ते?"

धाकटे आता बसले. खिशातून राजीनाम्याची पानं काढून त्यांनी ती उलटी केली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "त्यानं सुरुवात केलीय ना? मग पुरी करू दे. पुढच्या अंकात काजळ्या माफी मागेल."

बाईंनी तोंड उघडलं, पण धाकटे उठून, राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, जिना उतरूनही गेले होते.

शुक्रवारी अंक छपाईला जायचा होता. सोमवारी डावीकडे संहिता आली, उजवीकडे पानं आली. बाईंनी ती शेजारी शेजारी ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली.

मोठे गेली नऊ वर्षं संहितेतली फक्त पहिली ओळ वाचत, प्रसंग कुठे घडतो तेवढ्यापुरती. इथं पहिली ओळ होती, 'पाण्याची टाकी. दोघं भाऊ.' बाकीचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. धाकट्यानं दादा म्हटलंय, आता पुढचं पाऊलही त्याचंच. म्हणून उल्कावीर गुडघे टेकून बसला होता, आणि काजळ्याचा काळाकुट्ट हात त्याच्या डोक्यावर होता. उल्कावीराच्या तोंडाजवळ फुगा होता आणि तो बशीएवढा होता. धाकट्याला माफी मागायला जागा लागणार, हे थोरल्या भावाला ठाऊक होतं. नऊ वर्षांत एवढा फुगा त्यांनी काढला नव्हता. काजळ्याला फुगाच नव्हता. आशीर्वादाला शब्द कशाला?

आणि संहितेत उल्कावीर अख्खा अंकभर गप्प होता. बोलत होता तो काजळ्या. काजळ्या म्हणजे मोठे, म्हणून धाकट्यांनी जिवावर उदार होऊन थोडक्यात लिहिलं होतं: "चुकलो. माफ कर." पुढच्या चौकटीत: "फार चुकलो." 'शिवाय' एकदाही नव्हतं.

म्हणजे ज्याला फुगा होता त्याला शब्द नव्हते, आणि ज्याला शब्द होते त्याला फुगा नव्हता.

बाई दोन दिवस त्या पानांकडे बघत बसल्या. करता येण्यासारखं होतं. काजळ्याचं "चुकलो, माफ कर" उचलून उल्कावीराच्या फुग्यात टाकायचं, वर एक 'दादा' चिकटवायचा. मग धाकटे जाणार. नाहीतर काजळ्याच्या काळोखात पांढऱ्या रंगानं फुगा उघडायचा. मग मोठे जाणार. कुठूनही धरलं तरी एक जण हातातून सुटत होता. बाईंनी टाक शाईत बुडवला, काढला, फुग्यावर धरला. शाईचा थेंब जमायला लागला. आणि त्यांना मोठ्यांनी पान खिडकीशी धरलं होतं ते दिसलं. त्यांनी टाक धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि दोन चिठ्ठ्या लिहिल्या. 'फुग्यांची अडचण आहे. उद्या साडेअकराला यावं. दुसरे येणार नाहीत.' दोन्हींवर तोच मजकूर.

साडेअकराला दोघं दारातच एकमेकांवर आदळले. मोठे मागे फिरले, धाकटेही मागे फिरले, तोवर बाईंनी दोघांना आत घेऊन दार लावून घेतलं होतं.

"तो दादा माझा," बाई म्हणाल्या. "मोठ्यांनी फुगा बटणाएवढा काढला, धाकट्यांनी वाक्य गाडीभर लिहिलं. मी कापलं. दादा म्हणजे मला गुंड म्हणायचं होतं. आणि मागाहून तुम्हाला दोघांना जे सांगितलं, प्रेमानं लिहिलं काय आणि डोळ्यांत पाणी काय, तेही सगळं माझंच. नोकरी जाईल म्हणून सांगितलं. चुकलं माझं."

खालच्या दुकानात कोणीतरी गिऱ्हाइकाला वरची ओळ वाचायला सांगत होतं.

"यानं नाही लिहिलं?" मोठ्यांनी विचारलं.

"बाई, याला सांगा," धाकटे भिंतीकडे बघत म्हणाले, "मी याला जन्मात कधी दादा म्हटलेलं नाही, पाळण्यातून उतरलो तेव्हापासून लंब्या म्हणतो, घरात सगळे लंब्याच म्हणायचे, आईसुद्धा, तेव्हा याला एवढं तरी कळायला हवं होतं की..." आणि ते एकदम वळले. "तुला खरंच वाटलं मी लिहिलंय?"

"वाटलं."

बाईंनी सवयीनं मोजला. एक शब्द. धाकट्यांनी त्यावर उघडलेलं तोंड मिटलं. ते पुन्हा उघडायला त्यांना बराच वेळ लागला, आणि उघडलं तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीचाच रस्ता धरला.

"मग फुगा मोठा काढायचा होतास!"

"लहान लिही."

"लहान? लहान लिहू? तू काय चित्रं काढतोस? नुसती शाई ओततोस! अर्धं पान काळं! लोक अंक परत आणतात, छापताना सांडलं म्हणून!"

"तुझा नायक पडायला तीन पानं घेतो. छपराला कंटाळा येतो."

"आणि ती हनुवटी?"

"दोन होत्या."

"होत्या! पण म्हणून काढायच्या?"

"होत्या ना?" मोठे बाईंकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ऐकलंत? होत्या म्हणाला!"

"मी असं नाही म्हणालो, मी म्हणालो होत्या असं धरलं तरी, शिवाय..."

आरडाओरडा ऐकून संपादक धावत आले. त्यांनी दोन भावांना एकमेकांवर ओरडताना पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. मग बाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं, तेव्हा ते कोरडे झाले. त्यांनी पाटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"बाई, नियम म्हणजे नियम. तुम्हीच लिहिलाय तो."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी दौतीचं झाकण लावलं.

"थांबा," धाकटे म्हणाले. "या गेल्या तर मधे कोण बसणार?"

"मधे कशाला कोण हवं आता?" संपादक खूश होऊन म्हणाले. "तुम्ही बोलता आहातच की समोरासमोर! तुम्ही यांना सांगायचं, यांनी तुम्हाला. रोज."

"रोज?" मोठे म्हणाले. कोणीतरी त्यांना घोड्याला वेगळं नाक काढायला सांगावं, तसा त्यांचा आवाज होता.

"याच्याशी? रोज?" धाकटे म्हणाले. "अहो, आत्ता पाच मिनिटं बोललो तर डोकं भणभणतंय, याचं ते एकेक शब्दाचं बोलणं म्हणजे खडे चावल्यासारखं, मी तेरा पानांचा राजीनामा देईन, पण हे नाही!"

"मीही," मोठे म्हणाले. "एका ओळीचा."

"बाई राहतील."

"राहतील."

नऊ वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. संपादकांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं, बहुधा थैल्या, आणि पाटीवर टोपी अडकवून ते बाहेर गेले. दार लागताक्षणी दोघा भावांनी एकमेकांकडे पाठ केली.

"बाई, त्याला सांगा," धाकटे म्हणाले, "तो गुडघे टेकलेला उल्कावीर आधी उभा करायचा."

"ऐकलं. त्याला सांगा, काजळ्या माफी मागणार नाही."

बाईंनी दौत पुन्हा उघडली.

गुरुवारी दुपारपर्यंत दोघं त्या खोलीच्या दोन टोकांना बसले, आणि बाई टेबल मधोमध ओढून. कोणी कोणापुढे वाकायचं नाही, एवढं ठरलं. टाकीवर दोघं भाऊ पाठीला पाठ लावून उभे राहिले. उल्कावीर खांद्यावरून म्हणत होता, "त्याला म्हणावं, शहरातले दिवे पूस." काजळ्या म्हणत होता, "त्याला म्हणावं, आधी पडलेली छपरं शाकार." पण म्हणावं म्हणजे कोणी? तेव्हा मोठ्यांनी दोघांच्या मधे, टाकीच्या काठावर, पाय सोडून बसलेली एक चष्मेवाली बाई काढली. कोणाला न सांगता काढली, आणि तिच्या तोंडाशी बशीएवढा फुगा काढला. संहितेत तिथं काहीच नव्हतं.

"इथं ही काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"मला काय माहीत, मी लिहिलेली नाही ती, ज्यानं काढली त्याला विचारा."

"शब्द त्याचं काम."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. एवढा मोठा फुगा असा समोर रिकामा पडलेला त्या या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहत होत्या, आणि त्यात काय घालायचं हे सांगणारं या क्षणी कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही. टाक बुडवला आणि चांगली ठसठशीत, वळणदार अक्षरं काढली: "एकेकानं बोला!"

दोघं भाऊ दोन बाजूंनी उठून आले आणि त्यांच्या दोन खांद्यांवरून वाकून वाचू लागले.

"फार छोटं झालं," धाकटे म्हणाले.

"एक शब्द जास्त आहे," मोठे म्हणाले.

बाईंनी पान उचललं आणि वाळायला खिडकीत ठेवलं.